देव जमिनीवर बसला तेव्हा: रेम्ब्रांटच्या 1656 मधल्या एका एचिंगचं प्रकरण

चित्र उघड्या पंजावर मावेल एवढं आहे. उंची जेमतेम 16 सेंटिमीटर, रुंदी 13. डच चित्रकार रेम्ब्रांटने ते 1656 साली ॲम्स्टरडॅममध्ये तांब्याच्या पत्र्यावर काढलं. हे एचिंग आहे, म्हणजे आम्लाने तांब्यात रेघा कोरून कागदावर छापलेलं चित्र. ‘देवदूतांचा पाहुणचार करणारा अब्राहाम’ या नावाने ते ओळखलं जातं. घराच्या दाराबाहेर तीन पाहुणे जमिनीवर बसलेत, मधे खाणं मांडलंय. दोघांना पंख आहेत. तिसरा लांब दाढीचा म्हातारा, त्याच्या हातात पेला. खालच्या कोपऱ्यात हातात सुरई घेऊन वाकलेला यजमान. दाराच्या काळोखात एक बाई कान देऊन उभी. मागच्या कठड्याशी आपल्याकडे पाठ केलेला एक मुलगा, धनुष्य घेऊन.

बरोक काळातली, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुमाराच्या युरोपातली धार्मिक छापचित्रं म्हटलं की डोळ्यांसमोर वेगळंच काही येतं: फाटलेले ढग, वरून कोसळणारा प्रकाश, हवेत उलटेसुलटे झालेले देवदूत, डोळे आभाळाला लावलेले संत. रेम्ब्रांटनेही ते केलंय. 1653 चं ‘तीन क्रूस’ पाहिलं तर आभाळातून उजेड अक्षरशः कोसळताना दिसतो. या छोट्या चित्रात मात्र तसलं काही घडत नाही. लोक बसलेत, खातायत, बोलतायत. म्हणूनच या लेखासाठी ते निवडलंय. प्रतीकं कमळ, क्रूस, कवटी, कोकरू अशा ओळखीच्या वस्तूंत शोधायची सवय असलेल्याला इथे हाताला फार काही लागणार नाही. या चित्रातलं मुख्य प्रतीक एक बसणं आहे, आणि ते बसणं हिंदुस्थानातून आलेलं आहे.

गोष्ट

बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाचा अठरावा अध्याय. मम्रेच्या राईत, ऐन उन्हाच्या वेळी अब्राहाम तंबूच्या दाराशी बसलाय. नजर वर करतो तर समोर तीन पुरुष उभे. तो धावत जातो, जमिनीपर्यंत लवून नमस्कार करतो, पाय धुवायला पाणी आणवतो. साराला पीठ मळून भाकरी करायला सांगतो, गोठ्यातलं कोवळं वासरू निवडून गड्याच्या हवाली करतो, दही-दूध पुढे ठेवतो. ते जेवत असताना स्वतः मात्र झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहतो. मग पाहुण्यांपैकी एक सांगतो की पुढल्या वर्षी या सुमाराला साराला मुलगा होईल. दाराआड ऐकत असलेली सारा मनातल्या मनात हसते. ती नव्वदीला टेकलेली, नवरा शंभरीच्या उंबरठ्यावर. पाहुणा विचारतो, सारा का हसली? सारा घाबरून म्हणते, मी नाही हसले. तो म्हणतो, हसलीस.

आपल्याकडे दारी आलेला भिकारी किंवा अवेळी आलेला पाहुणा हा देवच निघाल्याच्या कथा घरोघर ऐकलेल्या असतात, त्यामुळे ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये. फरक आहे तो मूळ मजकुराच्या एका विचित्रपणात. सुरुवातीलाच सांगितलंय की परमेश्वर अब्राहामाला दिसला. लगेच पुढे तीन पुरुष. मग कधी ‘ते’ बोलतात, कधी ‘परमेश्वर’ बोलतो. शेवटी दोघे सदोमच्या वाटेला लागतात आणि परमेश्वर मागे राहून अब्राहामाशी बोलत उभा राहतो. लिहिणाऱ्याला ही सरमिसळ परवडते. चित्रकाराची मात्र पंचाईत होते. त्याला तीन देह काढावेच लागतात, आणि त्यातला देव कोणता हे दाखवायचं की नाही, दाखवायचं तर कशाने, हे ठरवावंच लागतं.

पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेने या पेचातून सुंदर वाट काढली. पंधराव्या शतकात रशियन चित्रकार आंद्रेई रुब्लेव्हने तिन्ही पाहुण्यांना जवळपास एकसारखे चेहरे दिले, एका मेजाभोवती बसवलं, आणि अब्राहाम-सारा यांना चित्रातून वगळूनच टाकलं. उरलं ते त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही ख्रिस्ती कल्पना: तीन आणि तरी एक. पश्चिमेतही तीन तरुण, देखणे, पंखवाले देवदूत मेजाशी बसवायची रीत पडली. पाहणाऱ्याने त्रैक्य ओळखायचं.

रेम्ब्रांटच्या हॉलंडमध्ये आणखी एक अडचण होती. तिथल्या सार्वजनिक चर्चचा पंथ कॅल्व्हिनवादी, म्हणजे प्रोटेस्टंटांमधला एक कडक पंथ. हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी तिथल्या धर्मशिक्षणाचा पाया, आणि ती स्पष्ट बजावते की देवाचं चित्र काढायचं नाही. चर्चच्या भिंती पांढऱ्या केलेल्या, मूर्ती हटवलेल्या. पण घरात लावायच्या चित्रांना आणि वहीत जपायच्या छापचित्रांना कोणी अडवत नव्हतं. बायबलमधल्या प्रसंगांची भूक उलट वाढलेली होती, कारण 1637 साली सरकारी पाठबळाने डच भाषांतर आलं होतं आणि लोक घरी बायबल वाचत होते. त्या भुकेला एचिंगसारखं दुसरं माध्यम नव्हतं. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात, किंमत रंगचित्राच्या मानाने फारच कमी, आणि प्रत हातात धरून, नाकाजवळ नेऊन बघता येते. अशा चित्रात प्रतीक ओरडून सांगावं लागत नाही. बघणारा वेळ देणार आहे हे चित्रकार गृहीत धरू शकतो.

दहा वर्षांपूर्वीचा प्रयत्न

रेम्ब्रांटने हाच प्रसंग 1646 मध्ये ओकच्या एका लहानशा फळीवर तैलरंगात रंगवला होता. तीही फळी साधारण 16 बाय 21 सेंटिमीटरची. तिथे सगळीकडे अंधार आणि मधल्या पाहुण्याच्या अंगातून उजेड फुटतोय. देव कोण हे ओळखायला क्षणही लागत नाही: जो उजळतो तो देव. उत्तम चित्र आहे, पण युक्ती जुनी.

1654 मध्ये त्याने एम्माउस या गावातल्या जेवणाच्या प्रसंगाचं एचिंग केलं. तिथेही पाहुणा म्हणून आलेला देवच आहे, पुनरुत्थित येशू. मेज, मेजावर पांढरं कापड, येशूच्या डोक्याभोवती किरणं, भाकरी मोडणारे हात. म्हणजे 1654 पर्यंत ‘जेवायला आलेला देव’ या विषयाला त्याचं उत्तर ठरलेलं होतं: मेज आणि प्रकाश.

दोन वर्षांनी त्याने दोन्ही सोडलं. भरदुपार आहे, मेज काढून टाकलंय, आणि देव एक म्हातारा माणूस आहे. मधल्या काळात काय घडलं?

वही

जुलै 1656 मध्ये रेम्ब्रांटने कोर्टात दिवाळखोरीसाठी अर्ज केला. ब्रेस्ट्राटवरचं घर त्याने 1639 मध्ये 13,000 गिल्डरना घेतलं होतं आणि त्याचे हप्ते थकले होते. अर्जानंतर कारकून आले आणि घरातल्या वस्तूंची यादी केली. 363 नोंदींची ती यादी कला-इतिहासात फार मोलाची ठरली, कारण चित्रकाराने कोणकोणत्या गोष्टी डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या ते तीत खोलीवार सापडतं. शंख, शस्त्रं, रोमन पुतळ्यांचे साचे, मांतेन्या या जुन्या इटालियन चित्रकाराच्या छापचित्रांची एक मौल्यवान वही. आणि एक नोंद अशी: विलक्षण लघुचित्रांनी भरलेली वही, सोबत नाना तऱ्हेच्या पोशाखांची छापचित्रं.

ही लघुचित्रं मोगल होती असं मानायला सबळ आधार आहे, कारण रेम्ब्रांटने मोगल चित्रांवरून केलेली वीसहून अधिक रेखाटनं आजही आहेत. जहांगीर, शाहजहान, दारा शुकोह, घोड्यावरचे सरदार. 1747 मध्ये लंडनला जोनाथन रिचर्डसन या चित्रकार-संग्राहकाच्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा रेम्ब्रांटची 25 हिंदुस्थानी रेखाटनं असलेली एक वही विक्रीला होती. तपकिरी शाई, ब्रशने दिलेला पातळ रंग, आणि कागद जपानी, डच ईस्ट इंडिया कंपनीच्याच जहाजांतून आलेला. या रेखाटनांत त्याचा हात बदलतो. एरवी दोन फटक्यांत माणूस उभा करणारा हा गडी इथे जामा, पटका, मोजडीचं टोक, दाढीची कड हळू हातानं काढतो. मोगल चितेऱ्याची एकेका केसाची रेघ पाहून तोही थोडा सावरून बसलेला दिसतो.

चित्रं तिथे पोचली कशी, याचं उत्तर व्यापारात आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीची सुरतेला वखार होती, आग्र्यात माणसं होती. 1630 च्या दशकात आदिलशाही मुलखात वेंगुर्ल्यालाही त्यांची वखार झाली. तिचे अवशेष अजून उभे आहेत. नीळ, कापड, मसाले यांच्या गाठोड्यांबरोबर असल्या चित्रांच्या वह्याही जात. हा ओघ रेम्ब्रांटनंतरही चालू राहिला. ॲम्स्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन याच्याकडे गोवळकोंड्याच्या शैलीतली राजेरजवाड्यांची एक अख्खी वही होती. तीत शिवाजी महाराजांचंही चित्र आहे आणि ती वही आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. रेम्ब्रांट 1669 मध्ये वारला, त्याने ती पाहणं शक्यच नव्हतं. पण ज्या वाटेने ती गेली त्याच वाटेने त्याच्या हातातली चित्रंही गेली होती.

या रेखाटनांपैकी एक आज ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. झाडाखाली चार दाढीवाले वृद्ध, मुल्ला किंवा सूफी शेख, जमिनीवर बसून बोलतायत. ज्या जातीच्या मोगल चित्रावरून ते काढलंय त्याचा जवळचा नमुना व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात आहे. तिथे सम्राज्ञी मारिया थेरेसाने एका दालनाच्या रोझवूडच्या भिंतींत मोगल चित्रं बसवून घेतली. भिंतीवरच्या वेलबुट्टीदार चौकटींत बसावीत म्हणून ती कापली, जोडली, एकाचा कोपरा दुसऱ्याला चिकटवला. चित्रप्रेमाचा हा प्रकार पाहून अंगावर काटा येतो, पण त्यामुळेच ती एका ठिकाणी टिकली हेही खरं.

चार शेखांचं ते रेखाटन आणि 1656 चं एचिंग शेजारी ठेवलं की बोलायचं काही उरत नाही. जमिनीवरच्या माणसांचं तेच कोंडाळं, मधे सोडलेली तीच जागा, तीच सैल पण आब राखणारी अंगं. चारातला एक गेला, दोघांना पंख फुटले, आणि राहिलेला वडीलधारा परमेश्वर झाला.

बसणं

हे दुसऱ्याचं उचलून स्वतःचं करणं रेम्ब्रांटला नवं नव्हतं. हर्क्युलिस सेगर्स या डच चित्रकाराने तोबियास आणि देवदूत असा बायबली प्रसंग कोरलेला एक पत्रा त्याच्या हाती आला होता. त्याने त्यातल्या आकृत्या घासून काढल्या आणि तिथे इजिप्तला पळून जाणारं पवित्र कुटुंब बसवलं. देवदूताच्या पंखाच्या खुणा आजही त्या झाडीत दिसतात. 1654 मध्ये त्याने मरिया, बाळ, मांजर आणि साप असं एक घरगुती एचिंग केलं. त्यातली मरियेची ठेवण सरळ मांतेन्याच्या छापचित्रातली आहे.

त्या मांजराच्या चित्रापाशी थोडं थांबायला हवं, कारण मरिया तिथे जमिनीलगत बसलीय. युरोपच्या धार्मिक चित्रांत जमिनीवर बसण्याला ठरलेला अर्थ होता. मरिया सिंहासन सोडून जमिनीवर बसते ती विनम्रता दाखवायला. हा प्रकार इटलीत चौदाव्या शतकापासून रुळलेला. जमिनीवर दुसरं कोण बसे? भिकारी, शेतकरी, रोगी, शोक करणारे, मुलं. प्रतिष्ठेचा माणूस खुर्चीवर, आणि देव सिंहासनावर नाहीतर ढगावर. उंची म्हणजे मान, हे तिथल्या चित्रभाषेचं व्याकरणच होतं.

मोगल चित्रांत तसं नाही. चार शेख जमिनीवर बसलेत आणि त्यांच्या प्रतिष्ठेला तसूभरही धक्का नाही. उलट, बादशहासुद्धा ज्यांच्यापुढे अदबीने वागतो अशी ती माणसं आहेत. अंथरलेल्या बैठकीवर मांडी घालून बसणं हीच तिथे भारदस्तपणाची, निवांतपणाची, ज्ञानाची ठेवण. मराठी माणसाला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. कीर्तनकार सोडला तर आपल्याकडचं सगळं थोर बोलणं बसूनच झालंय. गादी, लोड, सतरंजी, पाट ही आपल्या मानपानाची साधनं. नेमकं म्हणूनच हे चित्र पाहताना आपल्या नजरेतून त्यातली मोठी गोष्ट निसटते. ‘बसलेत, मग त्यात काय?’ असं होतं. 1656 च्या ॲम्स्टरडॅममध्ये हे छापचित्र हातात घेणाऱ्याला मात्र देवपिता जमिनीवर पाय दुमडून बसलेला पाहून खटकलं असणार, आणि मग थांबून बघावंसं वाटलं असणार.

रेम्ब्रांटला या ठेवणीतून एकाच वेळी दोन अर्थ मिळाले. जुनी युरोपीय सवय म्हणते, जमिनीवर बसलेला म्हणजे खाली उतरलेला. देव माणसाच्या दाराशी, माणसाच्या पातळीवर उतरलाय. मोगल ठेवण म्हणते, हा कोणी लहान नाही, हा या बैठकीचा प्रमुख आहे. एकाच देहात उतरणंही आहे आणि थोरपणही. प्रकाशाच्या झोताने त्याला हे साधलं नसतं. झोत फक्त थोरपण सांगतो.

आता यजमानाकडे पाहा. रेखाटनातले चौघे एकमेकांच्या बरोबरीचे होते. एचिंगमध्ये बरोबरी मोडलीय, पण उंचीने नाही. अब्राहाम चित्राच्या अगदी खालच्या कडेला ढकललेला आहे, कोपऱ्यात, वाकलेला, हातात सुरई. देव जमिनीवर आहे आणि तरीही यजमान त्याच्याहून खाली. आपल्याच घरी तो वाढप्या झालाय. मूळ मजकुरात तो उभा आहे. रेम्ब्रांटने त्याला वाकवलं. शंभरीला आलेला, कळपांचा आणि नोकरांचा धनी असलेला हा माणूस, आणि समोरच्याचीही दाढी पांढरी. दोन म्हाताऱ्यांचा हा समोरासमोरचा भाग मला या चित्रातला सर्वांत हळवा वाटतो. 1646 च्या फळीवर तेजस्वी तरुण देवदूतापुढे अब्राहाम भक्त होता. इथे वय वयाला ओळखतंय.

पाठमोरा मुलगा

सगळ्यात धारदार प्रतीक मात्र मागे, कठड्याशी आहे. तो मुलगा इश्माएल. साराची दासी हागार हिच्यापासून अब्राहामाला झालेला थोरला मुलगा. अठराव्या अध्यायात त्याचं नावही नाही. यहुदी भाष्यकारांनी मात्र त्याला तिथे पाहिलं होतं: अब्राहाम ज्या गड्याच्या हवाली वासरू करतो तो इश्माएलच, त्याला पाहुणचाराची सवय लागावी म्हणून बापाने ते काम त्याला दिलं, असं अकराव्या शतकातल्या राशीने लिहून ठेवलंय. रेम्ब्रांट ॲम्स्टरडॅमच्या ज्या वस्तीत राहत होता तिथे यहुद्यांची मोठी वस्ती होती आणि मेनास्से बेन इस्राएल या रब्बीच्या पुस्तकासाठी त्याने 1655 मध्ये चार एचिंगं करून दिली होती. इश्माएलला या अंगणात आणण्यामागे अशा भाष्यांची ओळख असणं मला अगदी शक्य वाटतं.

पण भाष्यातला इश्माएल कामात आहे, रेम्ब्रांटचा इश्माएल पाठमोरा आहे. त्याच्या हातात धनुष्य. हे धनुष्य पुढच्या गोष्टीतून आणलेलं आहे. साराचा मुलगा इसहाक जन्मल्यावर ती हट्ट धरते, हागार आणि इश्माएल यांना घराबाहेर काढलं जातं, ते रानात भटकतात, आणि मग एकविसावा अध्याय सांगतो की मुलगा रानात वाढला आणि तिरंदाज झाला. म्हणजे चित्रात अजून घरात असलेल्या पोराच्या हाती त्याच्या वनवासाची खूण आधीच दिलेली आहे. पुढे, बैठकीत, दुसऱ्या मुलाच्या जन्माची बातमी दिली जातेय. ती बातमी म्हणजेच या मुलाच्या हकालपट्टीची सुरुवात. त्याला ती ऐकू येत नाही. तो कठड्यापलीकडे, जिथे त्याला पुढे जायचंय त्या मोकळ्या मुलखाकडे तोंड करून आहे.

रेम्ब्रांटचं या मुलाकडे आधीपासून लक्ष होतं. 1637 मध्ये त्याने हागार-इश्माएलच्या हकालपट्टीचं एचिंग केलं होतं. तिथेही इश्माएल आपल्याकडे पाठ करूनच निघालाय. एकोणीस वर्षांनी तीच पाठ त्याने आधीच्या प्रसंगात आणून ठेवली.

सारा दाराच्या सावलीत आहे. तिच्यावर अभ्यासक फार लिहितात, ते हसू, तो अविश्वास. मला तिच्या जागेचं जास्त वाटतं. पाहुण्यांचं कोंडाळं मधे, त्याच्या एका कडेला घराचा उंबरठा आणि सारा, दुसऱ्या टोकाला घराबाहेर बघणारा इश्माएल. एक घरात राहणार, दुसरा जाणार. सगळं सांगून झालं, आणि एकही वस्तू प्रतीक म्हणून मुद्दाम मांडलेली नाही. धनुष्यसुद्धा पोराच्या हातातलं खेळणं म्हणून खपून जातं.

मग हा विचार टाळता येत नाही. इश्माएलला मुसलमान आपला पूर्वज, पैगंबर इस्माईल मानतात. ज्या बैठकीतून त्याला वगळलं जातंय ती बैठक चार मुसलमान शेखांच्या चित्रावरून उचललेली आहे. रेम्ब्रांटने हे जाणून केलं असं म्हणणं म्हणजे त्याच्या डोक्यात आपलं डोकं घालणं होईल, आणि काही लेख तसं करतात. चित्रातून तसा पुरावा निघत नाही. चित्रात एवढंच दिसतं की त्याला पूर्वेकडची खरी वाटणारी बैठक हवी होती, ती त्याला मिळाली.

‘पूर्वेकडचं खरं’ म्हणजे काय

इथे त्याच्यावर थोडी टीकाही करायला हवी. त्या काळी युरोपात समज असा होता की पूर्वेकडचे लोक बदलत नाहीत. आजचा तुर्क, इराणी, हिंदुस्थानी जसा बसतो, नेसतो, तसाच बायबलमधला अब्राहाम बसत-नेसत असणार. या समजुतीपायी रेम्ब्रांटने आयुष्यभर बायबलमधल्या कुलपुरुषांना आणि राजांना पागोटी घातली. शाहजहान त्याचा समकालीन बादशहा होता, कोणी पुराणपुरुष नव्हे. आग्र्यातल्या चालू काळातल्या चित्रावरून हजारो वर्षांपूर्वीचा कनान, म्हणजे अब्राहामाचा मुलूख, उभा करणं ही ऐतिहासिकदृष्ट्या चूकच. इतर अनेकांनी तीच चूक फक्त पागोटं आणि मखमल रंगवण्यापुरती केली. जेनोआचा चित्रकार कास्तिल्योने एचिंगमध्ये दाढीवाल्या पौर्वात्य डोक्यांची मालिकाच काढून बसला. रेम्ब्रांट निदान पागोट्याखालच्या देहाकडे गेला. बसणाऱ्याचा भार कुठे पडतो, पेला कसा धरला जातो, समोरच्याचं ऐकताना मान कशी राहते, हे त्याने हिंदुस्थानी चितेऱ्याकडून घेतलं.

आणि ते चितेरे तरी युरोपापासून अस्पर्श कुठे होते? 1579 मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्रींचं पहिलं मंडळ अकबराच्या भेटीला निघालं, 1580 च्या सुरुवातीला फतेहपूर सिक्रीला पोचलं, आणि त्यांनी बादशहाला अँटवर्पमध्ये छापलेलं बहुभाषी बायबल नजर केलं. त्यातली कोरीव मुखपृष्ठं आणि मागाहून आलेली ढीगभर छापचित्रं दरबारी चितेऱ्यांनी बारकाईने अभ्यासली. केशवदास, बसावन, मनोहर यांनी ख्रिस्ती आकृत्या आपल्या पद्धतीने काढल्या. जहांगीर आणि शाहजहानच्या डोक्यामागे जे तेजोवलय दिसू लागतं त्याला या छापचित्रांचा हातभार आहे. म्हणजे गोव्यामार्गे गेलेल्या कागदांनी मोगल चित्र बदललं, आणि बदललेलं मोगल चित्र डच जहाजांतून परत जाऊन एका डच एचिंगमध्ये शिरलं. 2018 मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी म्यूझियमने रेम्ब्रांटची ही रेखाटनं आणि मोगल चित्रं एकत्र मांडून मोठं प्रदर्शन केलं, तेव्हा हा दुतर्फा व्यवहार प्रथमच बऱ्याच लोकांच्या नजरेला आला.

पत्रा

तंत्राबद्दल थोडक्यात, कारण त्याचा अर्थाशी संबंध आहे. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा-राळेचा पातळ थर देतात, सुईने त्यावर रेघ ओढतात, आणि उघड्या पडलेल्या तांब्याला आम्ल खातं. मग पत्रा पुसून, खाचांत शाई भरून, ओल्या कागदावर दाबयंत्रातून काढतात. चित्र उलटं छापलं जातं, त्यामुळे रेखाटन आणि छाप यांची डावी-उजवी बाजू ताडून बघताना हे लक्षात ठेवावं लागतं. रेम्ब्रांटने इथे एचिंगवर ड्रायपॉइंटची जोड दिली: आम्लाशिवाय, टोकदार सुईने थेट तांबं ओरबाडायचं. ओरबाडलेल्या रेघेच्या कडेला धातूची उठलेली कोर राहते, ती शाई धरते आणि छापात मखमली काळोख येतो. ही कोर दाबाखाली लवकर झिजते, म्हणून मऊ काळेपणा पहिल्या काही प्रतींतच खरा दिसतो. त्यामुळे हे चित्र बघायचं तर लवकर निघालेली चांगली प्रत बघावी. झिजलेल्या प्रतीत सावल्या विटतात आणि सारा दाराशी उगीच उभी असल्यासारखी वाटते.

दिवाळखोरीनंतर 1658 पर्यंत घर आणि संग्रह विकले गेले, रेम्ब्रांट रोझेनग्राख्टवरच्या भाड्याच्या घरात गेला. वही कुणाकडे गेली याची कथा लांबची आहे. अब्राहामाचा पत्रा मात्र एका वेगळ्याच कारणाने वाचला. झिजलेला किंवा नकोसा झालेला पत्रा बहुधा वितळवला जाई. याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एका फ्लेमिश चित्रकाराने तैलरंगात निसर्गदृश्य रंगवलं. त्या काळी तांब्यावर लहान चित्रं रंगवायची पद्धत होतीच, आणि चांगल्या प्रतीचं तांबं आयतं मिळालं होतं. लोकांनी निसर्गदृश्य म्हणून ते जपलं. 1997 पासून तो पत्रा वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे, एका बाजूला झाडी आणि वाट, दुसऱ्या बाजूला उलटा कोरलेला अब्राहाम.